मेंढीच्या मेंदूची लस

६ नोव्हेंबर १९८६
पोचले एकदाची! चंद्रपूरहून पोंभुर्ण्यापर्यंत एस.टी., पुढे आरोग्य केंद्राची जीप. धान कापणीला आलंय, रस्ताभर त्याचाच वास. क्वार्टरला दोन खोल्या, मागे तलाव, आणि शिंगाड्याच्या वेलांमधून डोंगे हिंडताहेत. नर्स वच्छलाबाईंनी भात आणि झिंग्यांची भाजी पाठवली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तरी सगळी संपवली. मेडिकल कॉलेजातल्या फॉर्मॅलिनच्या वासानंतर हे माहेरच वाटतंय. आई म्हणत होती, जंगलात एकटी कशी राहशील प्रेमिला. उद्या तिला पत्र टाकते.

७ नोव्हेंबर
ज्याच्यासाठी आले तो केवळराम आज भेटला. तलावात मासळी धरणारा धडधाकट माणूस. मागल्या वर्षी कुत्रं चावलं म्हणून पोटात सुया घेतल्या, आणि कोर्स संपायच्या आत दोन्ही पाय गेले. आता बाजेवर बसून जाळी विणतो.

ही रेबीजची लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, मग तो मारून करतात. त्याबरोबर मेंढीचं मायलिनही माणसात जातं. मायलिन म्हणजे तारेवर रबर असतं तसं नसांवर गुंडाळलेलं चरबीचं वेष्टण. शरीर त्या परक्या मायलिनशी लढायला उठतं आणि हजारात एखाद्याच्या बाबतीत स्वतःचंच वेष्टण सोलून काढतं. मग उघड्या नसेतून निरोप पोचत नाही. हे नेमकं कोणाला होतं, ते मला शोधायचंय. केवळरामचं रक्त घेतलं. सुरुवात कशी झाली विचारल्यावर म्हणाला, जमीन कापसावानी लागे. छान वर्णन. टिपून ठेवलं.

९ नोव्हेंबर
सकाळी धानाच्या बांधीतून एक कोल्हा सरळ दवाखान्याच्या आवारात शिरला. भर उजेडात, माणसांना न बुजता, तोंडातून लाळ गळत. रांगेत बसलेल्या शालिकराम नावाच्या मजुराच्या गालाचा लचका तोडला. मग गिरजा नावाच्या लहान मुलीचा हात धरला. मी तिला ओढून घेतलं, तेव्हा माझ्या पोटरीत दात रुतले. लोकांनी काठ्यांनी मारला, आणि मी नको म्हणेपर्यंत जाळूनही टाकला. तपासायला काही उरलं नाही. पण पिसाळलेलाच होता. जखमा साबणाने धुतल्या. सगळ्यांच्या.

१० नोव्हेंबर
इथे लस आहे ती तीच. नागपूरला ट्रंक कॉल लावला. मेंदूशिवाय केलेली नवी विदेशी लस मुंबईहून मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही म्हणाले. तेवढं थांबणं म्हणजे मरण. शालिकरामने साफ नकार दिला. केवळरामसारखं पडून राहण्यापेक्षा मेलेलं बरं, असं म्हणून तो चालू लागला. गिरजाची आई बायनाबाईही उठू लागल्या. मी म्हटलं, आधी मला टोचा. वच्छलाबाईंनी बेंबीशेजारी चौदापैकी पहिली सुई घातली. बायनाबाईंनी ते पाहिलं आणि मुलीला पुढे केलं.

हजारात एखादाच. झोपताना मी हेच घोकते आहे.

१५ नोव्हेंबर
रोज सकाळी मी आणि गिरजा एकाच बाकावर बसतो. दोघींचं पोट सुजलंय. ती माझ्यासाठी उकडलेले शिंगाडे आणते. आंघोळ करताना पायांवरचं पाणी गरम की गार, ते मी पुन्हा पुन्हा तपासते. मूर्खपणा आहे.

१८ नोव्हेंबर
ताप. मान दुखते. अंगणात उजव्या पायातली चप्पल निसटली, आणि वच्छलाबाईंनी हाक मारून सांगेपर्यंत मला कळलंच नाही. सकाळपासून लघवी होत नाही. तळव्याखाली फरशी नाही, कापूस आहे.

मला माहीत आहे हे काय आहे.

१९ नोव्हेंबर
माझी सुई थांबवली. आता घेत राहणं म्हणजे आगीत तेल. नसांची सूज उतरवायला प्रेडनिसोलोन सुरू केलं. आजच नागपूरला निघायला हवं, पण गिरजाचं काय? तिचे गुडघे ठोकून पाहिले. ती अगदी ठीक आहे, तिची लस चालूच राहायला हवी. बायनाबाईंनी माझे पाय पाहिले. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमी सोता बंद केल्या बाई, अन् माह्या पोरीले टोचून राह्यल्या?"

मी खूप समजावलं. त्या गिरजाला घेऊन गेल्या.

२१ नोव्हेंबर
शालिकरामला बाजेला बांधून आणलं. तहानेने जीभ बाहेर, पाणी द्या म्हणतो, आणि पेला दिसला की गळा आवळल्यासारखा किंचाळतो. संध्याकाळी गेला. त्याच्या तोंडात जे आहे ते माझ्याही अंगात — अर्ध्या कोर्सवर — कोण आधी पोचेल, तो विषाणू की हा लकवा?

गिरजा आलेली नाही. ती येईपर्यंत मी निघणार नाही.

२२ नोव्हेंबर
वच्छलाबाई गिरजाच्या घरी जाऊन आल्या. बायनाबाईंची एकच अट, बाईंनीही घ्यावी. नुसतं पाणी भरून टोचू, असं वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. पण बायनाबाई समोर उभ्या राहिल्या. एकाच शिशीतली, त्यांच्या डोळ्यांदेखत.

आधी मला. मग गिरजाला.

सुई आत जाताना मला त्या पोरीचा राग आला. एवढासा जीव, आणि मला तिचा राग —

२३ नोव्हेंबर
कंबरेखाली काही नाही. चादरीत दुसऱ्याच कोणाचे पाय आहेत. आज सिरिंज माझ्याकडे वळली तेव्हा बायनाबाईंनीच वच्छलाबाईंचा हात धरला. "बाईले नोका टोचू. इले टोचा." खाटेच्या कडेला बसून त्या रडल्या. मला रडू आलं नाही. फक्त भीती.

एस.टी.त बसवता येणार नाही मला. जीप चंद्रपूरला शिबिरात. तार केली आहे.

२५ नोव्हेंबर
जीपचा स्प्रिंगपाटा तुटला मूल गावाजवळ — उद्या म्हणतात — पेन दोन्ही हातांनी — शब्द ओठाच्या एका बाजूने गळतात — श्वास वरच्यावर. आत सगळं स्वच्छ आहे, सगळं कळतं — फक्त निरोप पोचत —

२६
गिरजाची शेवटची सुई झाली. पळत गेली. पावलं ऐकली.

जीपचा आवाज — की नाही — वच्छलाबाई म्हणतात, थोडा वेळ डोळे मिटा — मिटलेत — त्या परत म्हणतात, मिटा ना बाई — मघापासून मिटलेत मी — मग ही ओळ मला कशी दिस