नैवेद्याच्या फळीवरचा एक हात

९ नोव्हेंबर, सकाळ

देवळाच्या समितीचे परिपत्रक आले. तेवीस तारखेला, नव्या भाताच्या सणाला, नैवेद्याच्या फळीवरून रंधा नेहमीप्रमाणे कुझुमाकी मिस्त्री, म्हणजे मी, फिरवणार. मजकुरात दोन चुका होत्या. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही हे काम माझ्याइतके बिनचूक करणारा कुरोदानी गावात दुसरा कोणी नाही. गेल्या वर्षी रंध्यातून निघणारा लाकडाचा छिलका मध्येच तुटला, तो हवेतील दमटपणामुळे.

सून फुमिनो हातातला पटाशीला धार लावायचा दगड खाली ठेवून म्हणाली, "बाबा, यंदा तो हात मी मारू का?" प्रश्नाची रचना निर्दोष असली तरी प्रश्न अनावश्यक आहे, असे मी तिला सांगितले.

११ नोव्हेंबर

नॉर्वेहून तोरुन नावाची बाई आली. लाकडी होड्या बांधते. सणापर्यंत आमच्या कारखान्याच्या माडीवर राहील. जपानी बोलते, परंतु क्रियापदे वाटेल तेथे टाकते. तिच्या देशात रंधा पुढे ढकलतात. आपण जपानात ओढतो. लाकडाला जवळ बोलवायचे असते, हाकलायचे नसते, असे मी समजावले. ती म्हणाली, "पण गुरुजी, होडी तर तुम्ही पण पाण्यात ढकलताच ना?" फुमिनो हसली. हसण्यासारखे त्यात काहीही नव्हते.

तिला फळी दाखवली. हिनोकी झाडाच्या अखंड लाकडाची. माझ्या खापरपणजोबांच्या काळी ती अंगठ्याएवढी जाड होती. दर वर्षी सणाच्या सकाळी तिच्यावरून रंध्याचा एकच हात फिरतो आणि कोऱ्या झालेल्या लाकडावर नवा भात ठेवतात. आता ती करंगळीएवढी उरली आहे. छिलका जितका पातळ, तितके फळीचे आयुष्य अधिक.

तोरुनने विचारले, की रंधा खोल गेला तर? मी सांगितले, की मग तो खड्डा घालवण्यासाठी सबंध फळी तेवढी खाली न्यावी लागेल आणि नातवंडांच्या वाट्याला काही उरणार नाही. असे कधी घडलेले नाही, हेही सांगितले. तिने माझ्या हातांकडे पाहिले.

१३ नोव्हेंबर

तोरुनसाठी प्रात्यक्षिक. वेगळ्या लाकडावर. पहिला छिलका तुटला. दुसरा तुटला. तिसरा तुटला नाही, कारण तो फारच जाड होता. दोष स्टोव्हचा: उष्णतेने रंध्याचा ठोकळा वाकतो. स्टोव्ह बंद करवला. त्यानंतर सर्वजण कुडकुडत होते, ही गोष्ट वेगळी.

तोरुनने मोबाइलवर चित्रण केले होते. ते पाहिले. त्यात माझा हात थरथरताना दिसतो. मोबाइल हलक्या प्रतीचा असावा. फुमिनो म्हणाली, "बाबा, फळी नाही हलत त्यात. मागची खिडकीपण नाही हलत." स्थिर वस्तूंचे चित्रण सोपे असते, असे मी तिच्या निदर्शनास आणून दिले.

१५ नोव्हेंबर

संकल्प: चहा कमी करणे. पहाटे उठून सराव करणे. तोरुन खाली येण्यापूर्वी तो संपवणे.

आज तिच्याआधी तामेयोशी आला. लाकडाची गिरणी चालवतो. शाळेपासूनचा सोबती आहे, म्हणून त्याचे बोलणे चालवून घ्यावे लागते. जमिनीवर पडलेले तुकडे पाहून म्हणाला, "काय रे, रंधा मारतोयस की सुका मासा किसतोयस? थोडा दे, बायको सूप करेल." त्याला हाकलले. जाताना त्याने खरोखरच मूठभर उचलले. शेगडी पेटवायला, म्हणे.

१८ नोव्हेंबर

पात्याची धार रंध्याच्या तळाबाहेर केसाएवढी दिसली पाहिजे. आज ती मुळीच दिसली नाही, यावरून मी ती किती सूक्ष्म लावली होती हे ध्यानात येईल. रंधा ओढला. नमुन्याच्या लाकडात नखभर खड्डा पडला.

लाकडात गाठ होती. तोरुनने खड्ड्यावरून बोट फिरवले व विचारले, "गाठ कुठाय, गुरुजी?" छिलक्याबरोबर निघून गेली, असे मी सांगितले. तिने छिलका उचलून उजेडात धरला. या बाईला शंका घेण्याची खोड आहे.

फुमिनो स्वयंपाकघरात गेली. तेथून ती फोनवर हळू आवाजात बोलताना ऐकू आली.

२० नोव्हेंबर

जेवताना फुमिनोने विषय काढला. "तुमच्यापुढे मी कधी तोंड वर केलं नाही, बाबा." मी तिच्याकडे पाहिले. "बरं, केलं. हजारदा केलं. पण ती फळी काही तुमची एकट्याची नाही. माझ्या लेकीला, नागीला पण एक दिवस तिच्यावर हात मारायचाय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तरी चला ना हो." सण झाल्यावर पाहू, असे म्हणालो. ती म्हणाली, "सणानंतर डोळे कशाला हवेत? खड्डा बघायला?"

लोणच्याला आज मीठ जास्त होते. ते तिला सांगितले नाही. मी मनाचा मोठेपणा राखून आहे.

येथे स्पष्ट नोंदवून ठेवतो: मला भीती वाटत नाही. थंडी वाटते.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ

पाते घासले. पुन्हा घासले. फळी उद्या सकाळी देवळात नेतील. तिच्यावर हात ठेवला. वडिलांनी हात मारलेली बाजू. माझ्याच हातून जर

वाक्य अपूर्ण राहिले. उद्या पूर्ण करीन.

२३ नोव्हेंबर, सकाळी सहा

पाते लावले. हातोडीचे दोन ठोके. धारेची रेघ दिसली नाही, पण ठोके अचूक होते. माझा कान अद्याप शाबूत आहे. वरचे वाक्य पूर्ण केले नाही. वेळ नाही.

२३ नोव्हेंबर, दुपार

क्रमाने लिहितो.

फळी देवळाच्या अंगणात मांडली होती. समोर पुजारी आराकी, भोवती सगळे गाव. कोणी खोकलेसुद्धा नाही. फुमिनो पहिल्या ओळीत, नागीचा हात घट्ट धरून. तोरुनचा मोबाइल खिशात होता. तिने तो काढला नाही, याबद्दल तिचा आभारी आहे.

रंधा ठेवला. ओढला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत आला आणि काहीच निघाले नाही. छिलका नाही. खड्डा नाही. आवाजसुद्धा नाही. फळी होती तशीच.

रंधा उलटा करून तळावरून बोट फिरवले. पाते आत होते. पात्यावर ठोका मारला की ते बाहेर येते. ठोकळ्याच्या कडेवर मारला की आत जाते. हे नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात. सकाळी माझे दोन्ही ठोके ठोकळ्यावर पडले होते.

आराकी माझ्याकडे पाहत राहिले. मागून तामेयोशी ओरडला, "काय रे, छिलका बाहीत लपवलास की काय?" कोणी हसले नाही. पाते बाहेर काढून पुन्हा रंधा ओढावा, असे मनात आले. हातोडी उचलली. हात हलत होता. या वेळी कोणाच्याही हातात मोबाइल नव्हता.

मग मी बोललो, "वडीलधाऱ्याने आधी रिकामा हात फिरवावा आणि नंतर रंधा पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावा, असा जुना प्रघात आहे." असा प्रघात नाही. वाक्य मात्र ठाम आणि निर्दोष होते. गावाने माना डोलावल्या. एकदोन म्हाताऱ्यांना तर तो आठवलासुद्धा.

फुमिनोने रंधा दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ उजेडात धरून पाहिला. पात्यावर एक ठोका, मग आणखी एक हलकासा. पाय रोवून ओढला. रेशीम फाडल्यासारखा आवाज झाला आणि फळीएवढा अखंड छिलका तिच्या मनगटावरून हवेत उठला. तोरुनच्या तोंडून तिच्या भाषेतले काहीतरी निघाले. फुमिनोने छिलका माझ्या तळहातावर ठेवला. त्यातून माझ्या हाताच्या रेषा दिसतात, असे नागी म्हणाली. मी होय म्हणालो.

रेषा मला दिसल्या नाहीत. छिलका आहे, एवढे कळत होते.

२४ नोव्हेंबर

तोरुन सकाळच्या बसने गेली. निघताना वाकून म्हणाली, की एवढा मान स्वतःहून सोडणारा माणूस तिने पाहिला नव्हता. क्रियापद चुकले होते. दुरुस्त केले नाही.

फुमिनोने विचारले, "मुद्दाम केलंत ना, बाबा?" मी चहा मागितला. तिने तो दिला आणि समोरच बसून राहिली. शेवटी मी सांगितले, की मुद्दाम नाही, मला दिसले नाही. ती म्हणाली, "ठाऊक होतं." मग म्हणाली, की मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ती तिने गेल्या आठवड्यातच घेतली होती.

दुपारी आराकी स्वतः घरी आले. रिकाम्या हाताचा प्रघात समितीला फार आवडला आहे. यापुढे दर वर्षी तो मीच फिरवावा, अशी सर्वांची इच्छा आहे. मी मान्य केले. उद्यापासून सराव सुरू करीन, असेही सांगितले.

ते गेल्यावर फुमिनोने माझ्या रंध्यातून पाते काढून घेतले. सरावाला ते लागणार नाही, म्हणाली.