शाकाहारी, कुटुंबवत्सल, सरकारी

बाबा,

बुधवार, चौदा जून एकोणीसशे एकसष्ट, दुपारचे पावणेचार. नागपूरची मोटार स्टँडवरून सुटली आणि मी ट्रंकेवर बसून तिचा धुरळा पाहत राहिले. ही वेळ मी विसरलेली नाही आणि तुम्हालाही विसरू देणार नाही. तुम्ही मेलात म्हणून सवलत मिळेल असं समजू नका. ट्रंकेत दोन नवी पातळं होती, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी कॉलेजला लिहून दिलेली चिठ्ठी होती, आईनं बांधून दिलेल्या दशम्या होत्या. नव्हते फक्त पैसे, ते घेऊन तुम्ही येणार होतात. आईच्या वडिलांनी ते माझ्या शिक्षणासाठी म्हणून ठेवले होते, चार माणसांत बोलून ठेवले होते. आधी इंटर सायन्स, मग मेडिकल, असं माझं आणि सिस्टरांचं ठरलेलं होतं. तुम्ही आलात ते पाचनंतर, पान खाऊन, कपाळाला कुंकू लावून. कुंकू पाहिलं आणि मला कळलं की कुठेतरी नारळ फुटलाय. धरणाच्या रस्त्यावरचा, आपल्या घराशेजारचा प्लॉट त्या दिवशी विकायला निघाला होता, घाटंजीचं एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, म्हणून तुम्ही त्याच्याआधी इसार देऊन आलात. माझ्या पैशांतून.

"पुढच्या साली जाजो," तुम्ही म्हणालात. "खोल्या भाड्यानं गेल्या का मंग डॉक्टर हो, नाही तं कलेक्टर हो. कॉलेज काय पळून चाललं?"

कॉलेज पळून गेलं नाही, बाबा. मोटार गेली.

त्या साली आपल्या गावाला वेड लागलं होतं हे मला मान्य आहे. नदीवर धरण होणार, साहेबलोक येणार, हजारो माणूस येणार. दुर्बीण लावून जमीन मोजणारे लोक जीपमधून हिंडत होते आणि त्यांच्या मागे अर्धं गाव हिंडत होतं. न्हाव्यानं दुकानावर इंग्रजी बोर्ड लावला, त्यात तीन चुका होत्या. ज्याच्याजवळ गोठा होता त्यानं ढोरं बाहेर बांधली आणि गोठा सारवून 'ब्लॉक' केला. तुमच्या कापडाच्या दुकानात कापड कमी आणि धरण जास्त फाडलं जायचं. कोणी म्हणे काम बारा वर्षं चालेल, कोणी म्हणे मागाहून कारखाने येतील, आपलं गाव दारव्ह्याहून मोठं होईल. धरण बांधून झाल्यावर धरण बांधणारे कुठे जातात, हे एकानंही विचारलं नाही. मी विचारलं. दुकानाच्या पायरीवर उभं राहून, गिऱ्हाइकांसमोर विचारलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, पोट्टीनं मॅट्रिक काय केलं, बापाचे हिशोब तपासाले लागली. सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी एकाच्याही खोल्या पुढे चार वर्षांनी भरलेल्या नव्हत्या, पण तेव्हा हसायला काय जातं.

दिवाळीनंतर बांधकाम सुरू झालं. दगडी पाया, पक्क्या विटा, सहा खोल्या एका ओळीत, प्रत्येकीला एक दार, एक खिडकी आणि एक कोनाडा. भिंती चढल्या तशा त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम तुम्ही मला दिलंत, घरचंच माणूस पाहिजे म्हणून. माझ्याबरोबरच्या मुली नागपुरात बेडूक चिरत होत्या आणि मी विहिरीवरून बादल्या आणून तुमच्या भिंती भिजवत होते. तुम्ही मागे हात बांधून यायचात, भिंतीवर टिचकी मारायचात, कान लावायचात आणि म्हणायचात, "पाह्य कशी बोलते." भिंत बोलायची, ते तुम्हाला ऐकू यायचं. मी बोलत होते ते नाही.

मग तो बोर्ड आला. पेंटर बोलावून तुम्ही पहिल्या खोलीच्या भिंतीवर तेलाच्या रंगानं लिहून घेतलंत: 'खोल्या भाड्याने देणे. फक्त शाकाहारी, कुटुंबवत्सल, सरकारी.' सरकारी काय, ते लिहायला जागा उरली नाही. मी म्हटलं, सरकारी बैलही चालेल का? तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलला नाहीत.

आणि माणसं आली. हेच मला आजही सहन होत नाही, बाबा. धरण खोटं निघालं असतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं, फसतो माणूस. पण धरण खरं होतं, माणसं खरी होती, जागेसाठी वणवण फिरत होती, झाडाखाली चूल मांडून राहत होती, आणि तुमच्या सहा खोल्यांना सहा कुलपं होती. येईल त्याला तुम्ही पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारायचात. तांड्यावरचा एक मुकादम आला, बायकोशी त्यांच्या बोलीत बोलत होता, तुमच्याशी चांगलं मराठी. त्यानं आडनाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, खोल्या गेल्या. त्यानं ओळीनं कुलपांकडे पाहिलं.

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

तो वळला. बायकोला काहीतरी म्हणाला आणि ती पदर तोंडावर घेऊन हसली. ते हसू मी खिडकीतून पाहिलं आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग उमरखेडचा मिस्त्री आला, धरणावरचे रोलर दुरुस्त करणारा. त्याची बायको लेकरू घेऊन कडुनिंबाखाली उभी होती. वर्षाचं भाडं आधी देतो म्हणाला. तुम्ही नाव विचारलंत आणि नाव ऐकून बोटानं बोर्ड दाखवलात. त्यानं एकेक अक्षर लावत बोर्ड वाचला, शेवटपर्यंत वाचला, आणि फार अदबीनं विचारलं, "सेठ, किराया कमरे का लेते कि पेट का?"

रस्त्यावरचे लोक हसले. तुम्ही लाल झालात. त्या रात्रीच्या जेवणाची आठवण आहे तुम्हाला? आई भाकरी थापत होती. आई तुमच्यासमोर फार बोलायची नाही, पण त्या दिवशी हात न थांबवता बोलली.

"खोली आपली, चूल त्याहिची. आपल्याले काय त्याहिच्या गंजात डोकावून पाहाचं हाय?"

"तुले नाही समजत. एक डाव वास बसला का मंग साहेबलोक पाय ठेवत नाहीत."

"साहेब हायत कुठं?" आई म्हणाली.

मी म्हटलं, साहेब येईपर्यंत उंदीर ठेवा, ते शाकाहारी असतात आणि कुटुंबवत्सल तर फारच. तुम्ही ताट सरकवलंत. "कॉन्व्हेंटात जिभेलेच धार लावून देतेत वाटते," तुम्ही म्हणालात. "तुह्यं शिक्षन कमी नाही झालं. जास्त झालं."

हे वाक्य तुम्ही कोणाच्या पैशावर भिंती उभ्या करून बोललात, ते एकदा सांगा. पुढच्या सालाचं पुन्हा नाव निघालं नाही. मीही काढलं नाही, कारण कुलूप लागलेल्या खोलीचं भाडं येत नसतं हे कळायला मेडिकलला जावं लागत नाही.

साहेबांसाठी सरकारनं धरणावरच क्वार्टर बांधले, नळाचे, विजेचे. तुमच्या तिन्ही अटींत बसणारा माणूस सगळ्या गावात एकच सापडला, पुण्याकडचा एक कारकून. केवढं कौतुक होतं तुम्हाला त्याचं. सकाळी स्तोत्र म्हणतो, बायको डोक्यावर पदर घेते. त्याच्या खोलीमागच्या पपईला त्या साली अशा काही पपया लागल्या की तुम्ही त्या दुकानात नेऊन वाटल्यात. जागा शुद्ध असली की झाड असं फळते, म्हणालात. आता सांगते. आई त्या झाडाला आळं करायला गेली तेव्हा मातीत अंड्यांची टरफलं निघाली, टोपलीभर. तिनं ती पुन्हा बुजवली, हात धुतले आणि मला म्हणाली, "बोलू नको. एक तं भाडेकरू हाय." तिच्या हयातीत मी बोलले नाही. पपई तुम्ही दोनदा मागून घेत होतात.

आणि समोरच्या तेलवाल्या काकू. नवरा गेलेला, घाणा बंद पडलेला, अंगण तेवढं मोठं. त्यांनी बल्ल्या रोवल्या, टिनाचे पत्रे ठोकले, मध्ये गोणपाटाचे पडदे लावले आणि येईल त्याला जागा दिली. तुमच्या दारातून फिरलेला मिस्त्री रस्ता ओलांडून तिथे गेला, मुकादम तिथे गेला. संध्याकाळी त्या अंगणात दहा चुली पेटायच्या, दहा प्रकारचे वास यायचे, आणि तुम्ही आमच्या खिडक्या बंद करायला लावायचात. पाच भाषांत भांडणं व्हायची, काकू सगळ्या भाषांत शिव्या द्यायला शिकल्या. पुढच्या जूनमध्ये त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली, माझ्याहून गणितात कच्ची, नागपूरच्या मोटारीत बसली. नर्सिंगला. मिस्त्रीनं तिची ट्रंक टपावर चढवली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तिनं हात हलवला, मीही हलवला, आणि तेवढ्यात तुम्ही आतून ओरडलात की भिंतीला ओल दिसते, चुना आण.

धरण झालं. जीप गेल्या, मिस्त्री गेला, मुकादम गेला, पुण्याचा कारकून शेवटच्या महिन्याचं भाडं बुडवून गेला. काकूंनी पत्रे काढून विकले, अंगण झाडलं, तुळस लावली. तुमच्या खोल्या जागच्या जागी राहिल्या, कारण तुम्ही त्या पक्क्या बांधल्या होत्या. जाणाऱ्यांसाठी राहणारं घर बांधलंत आणि येणाऱ्यांना आत घेतलं नाहीत. पुढे त्यांत कडबा भरला, सरकी भरली. शुद्धच होत्या म्हणा, सरकीला कसली चूल.

मी डी.एड. केलं, घाटंजीला मास्तरीण झाले, हेडमिस्ट्रेस होऊन रिटायर झाले. फळ्यावर रंगीत खडूनं हृदय काढायचे, चारही कप्पे, झडपा, सगळं, आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची. पहिली ऑर्डर आली त्या दिवशी तुम्ही मला चार नंबरच्या खोलीची किल्ली दिलीत. "हे तुही," म्हणालात. मला वाटलं, आता माफी मागतील. तुम्ही म्हणालात, "ह्या खोलीले लय पानी मारलं तू." एवढंच. त्यानंतर तुम्ही बारा वर्षं जगलात आणि त्या विषयावर एक अक्षर बोलला नाहीत. मला राग त्या इसाराचा आहे, की या न बोललेल्याचा जास्त आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी आता चार नंबरमध्येच राहते. गळत नाही, हे लिहून देते. दर दोन वर्षांनी मी त्या बोर्डावर चुना मारून घेते आणि दर पावसाळ्यात तुमची अक्षरं खालून वर येतात. तुमचा पेंटर तुमच्यासारखाच होता.

हे सगळं आज का लिहिते आहे ते सांगते. आपल्याकडे पुन्हा काम निघालंय, रेल्वेचं. पुन्हा जागा मिळेनाशी झाली आहे, पुन्हा लोक गोठे रंगवत आहेत. काल संध्याकाळी मोटरसायकलवरून एक मुलगा आला, मागे बायको, तिच्या मांडीवर लेकरू. पुलाच्या कामावर वेल्डर आहे. "आजी, रूम खाली आहे का?" त्यानं विचारलं. पाचही खोल्या रिकाम्या आहेत. मी एवढी वर्षं तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आले, आयुष्यभर तुमच्याविरुद्ध वकिली केली. मी तोंड उघडलं आणि विचारलं,

"आडनाव काय?"

पाणीसुद्धा विचारलं नव्हतं अजून. त्यानं सांगितलं. त्याच्या बायकोनं पलीकडे पहिल्या खोलीच्या भिंतीकडे पाहिलं, चुन्याखालून 'शाकाहारी' अर्धं दिसत होतं. मी म्हटलं, कळवते, गुरुवारी दहा वाजता या. ती दोघं गेली आणि मी दारातच बसले, कारण तो आवाज माझा नव्हता. किंवा माझाच होता.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते कोनाड्यात ठेवते. पण उत्तर मला पाहिजे. ते आडनाव कळून तुम्हाला काय मिळत होतं, तुम्ही कशाला एवढे भीत होतात, की माझं आयुष्य त्याच्यापुढे स्वस्त वाटलं, ते सविस्तर लिहा. तोंडी चालणार नाही. 'पुढच्या साली' हे मी तोंडी ऐकलेलं आहे. लेखी, तुमच्या सहीनिशी, गुरुवारी सकाळी दहाच्या आत. दहाला ते येणार आहेत, आणि तुमचं उत्तर येवो न येवो, मला दार उघडायचं आहे.