तपासून पास

१ जून, सकाळी ६.१०
आजपासून रोज अर्धा तास आत्मपरीक्षण. स्वतःला न तपासता जगण्यात काही अर्थ नाही, असं आमचे मॅनेजर रिटायर होताना भाषणात म्हणाले. मला काय शिकवता? कुलपं-कड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं चेकर आहे. जागा: बाथरूम. घरात दुसरीकडे कुणी विचार करू देत नाही.
तपासले: स्वभाव, वागणूक, बोलणं. दोष: शून्य.

२ जून
पाच मिनिटांत बायकोने दार बडवलं. म्हणे ती कडी अडकते, आतून लावू नका, शंभरदा सांगितलंय. कडी आमच्या कारखान्यातली, मी स्वतः पास केलेली. अडकेल कशी? लावणाऱ्याला हात हवा.

४ जून
मुलगी रविवारी नोकरीसाठी परगावी चाललीय. तीन आठवडे माझ्याशी बोलत नाही. मी एवढंच म्हणालो होतो की तुला धड चहा जमत नाही, महिन्याभरात रडत परत येशील. प्रेमापोटीच म्हणालो. बायको म्हणते, ती जायच्या आत चुकलं म्हणा, नाहीतर पोर पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. अहो, पण चुकलं म्हणायला आधी चूक सापडायला नको? प्रकरण तपासायला घेतलं.

५ जून
'रडत' हा शब्द जरा जास्त झाला. बाकी वाक्य ओके.

६ जून
तिची खोली रिकामी रिकामी दिसते. आजच बोलणार होतो, पण ती बॅगा भरत होती. कामात व्यत्यय नको. उद्या सव्वाआठची गाडी. साडेसातला म्हणजे साडेसातला चुकलं म्हणायचं.

७ जून, ६.४०
आरशासमोर तालीम केली. आवाज उत्तम.

७.०५
कडी निघत नाही. जोर लावला तर मूठच हातात आली.

७.१५
बायको बाहेरून म्हणाली, घ्या, करा आता परीक्षण. सुतार साडेआठशिवाय येत नाही.

७.३०
मुलगी दाराशी आली. म्हणाली, बाबा, निघते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा 'बाबा'. शब्द अगदी ओठांवर होते. मी विचारलं, डबा घेतलास का? हो म्हणाली. बराच वेळ तशीच उभी होती, दाराखालून चपला दिसत होत्या. मग मी म्हणालो, पोचलीस की कळव.

७.४५
आता बास. डोळे मिटले, दाराला तोंड लावलं आणि ओरडून म्हणालो, माझं चुकलं गं, सगळंच चुकलं. टॉवेलने डोळे पुसले. लपवून काय करू? इथे आहे कोण?
बायकोचा आवाज आला. पोर केव्हाच गेली, म्हणाली. आणि काय चुकलं म्हणताय, कडी ना?
हो म्हणालो. कडी.