अकराव्या मिनिटाला अडकतं

ता. ४ फेब्रुवारी, दुपार

चिरंजीव शालकमहोदय ऊर्फ ढापण्या यास (दुसरं संबोधन तुझ्या ताईचं, मी केवळ लेखनिक),

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तुझा चष्मा, तुझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि तुझ्या बायकोचा संयम, तिन्ही शाबूत आहेत असं धरून चालतो.

काम आहे. आमच्या कॉम्प्युटरला नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे आणि कोणतं, ते तू सांगायचंस. हसून घे. ज्या माणसाने टीव्हीच्या रिमोटकडेही जन्मभर संशयाने पाहिलं, त्याला आता गेमिंगचं कार्ड हवं आहे. इथल्या दुकानदाराकडे गेलो होतो. गेमिंगसाठी हवंय की व्हिडिओ एडिटिंगसाठी, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, उभयार्थम्. त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेसमोरून मी सरळ घरी आलो.

खेळ अर्थात ताईचा. फिजिओबाईंनी उजव्या हातासाठी होडीचा खेळ दिलाय. मुठीत कांडी धरायची, मनगट वळवलं की पडद्यावरची होडी वळते, खडक चुकवत न्यायची. अर्धांगाचा झटका आला त्या ऑक्टोबरात ज्या हाताला साधी वाटी उचलत नव्हती, तो आता एका दमात चार खडक चुकवतो. पण आमचं यंत्र म्हातारं. चित्र मध्येच थबकतं आणि मग एकदम उडी मारतं, आणि ताईला वाटतं की थबकला तो आपला हात. काल तिने कांडी टेबलावर ठेवून दिली. म्हणाली, "राहू द्या. हा आता असाच." मी म्हटलं, हात नाही, कार्ड. "तुम्हाला काय कळतं हो कार्डातलं?"

म्हणून हे पत्र. अठरा तारखेला तिची तपासणी आहे. थबकतं कोण, हे तिला त्याआधी कळायला हवं. नाहीतर ती कांडी पुन्हा हातात धरणार नाही.

दुसरं कारण किरकोळ. माझ्या संस्कृतच्या ऑनलाइन पाठांपैकी एका व्हिडिओचा तुकडा कापायचा आहे, तो दर वेळी अकराव्या मिनिटाला अडकतो. त्याचं तू फार घेऊन बसू नकोस.

कार्डाचं नाव तेवढं कळव. स्वतः यायची तसदी नको, बसवायला इथला दुकानदार आहे. आणि उत्तर पत्रानेच दे. या घरात फोनवरचं बोलणं भिंतीपलीकडे जातं.

तुझा
भावोजी


ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ढापण्या,

पत्राने उत्तर दे म्हटलं, तर तू फोन केलास, आणि तोही ताईच्या मोबाइलवर. तुझ्या आज्ञाधारकपणाला तोड नाही.

तू सांगितलेली मोजमापं घेतली. कॅबिनेटचं झाकण उघडल्यावर आत एवढी धूळ निघाली, की एखादा शिलालेख सापडेल असं वाटलं. वर्गातली लाकडी पट्टी घालून मोजलं. कार्डाला जागा चोवीस सेंटिमीटर, पुढे डिस्कचा पिंजरा आडवा येतो. तेव्हा तुझं ते लांबलचक तीन पंख्यांचं कार्ड बाद. पॉवर सप्लायवर साडेचारशे वॉट लिहिलंय. सहा टोकांची एक जादा वायर मोकळी लोंबते आहे.

म्हणजे तुझ्या हिशेबाने उरली दोन. नुसता खेळ असेल तर एका पंख्याचं, ज्याला ती वायरही लागत नाही. व्हिडिओही झपाट्याने व्हायला हवे असतील तर दोन पंख्यांचं, आठ जीबीचं. आणि निर्णय त्या अडकणाऱ्या फाइलवर. तू म्हणालास, "दर वेळी त्याच मिनिटाला अडकत असेल भावोजी, तर कार्डाचा दोष नाही, फाइलचा आहे. मला पाठवा, बघतो." मी पाठवली. ती तुझ्याकडे चार मिनिटांत सुरळीत पार पडली. चुकून दुसरीच गेली असावी. वय झालं.

दरम्यान फिजिओबाईंनी नवं काढलं. दुखण्याआधीचा उजवा हात दिसेल असा घरचा एखादा व्हिडिओ अठराला आणा म्हणाल्या. पूर्वी मनगट कसं फिरायचं ते पाहून पुढचे व्यायाम ठरवायचे आहेत. आम्ही दोघं सगळे व्हिडिओ घेऊन बसलो. आणि काय कळलं सांगू? तेवीस वर्षांतला एकूण एक व्हिडिओ ताईने काढलेला. सगळ्यांत मी आहे, सहलींत आहे, तुझ्या लग्नात आहे, पोट क्रमाक्रमाने वाढताना आहे. ती कुठेच नाही. तुझ्या लग्नात तिचा आवाज आहे, "ढापण्या, मान वर कर." हात नाही. एका ठिकाणी भिंगावर आलेला अंगठा आहे, तोही डावा.

मग तीच म्हणाली, "अहो, तुमच्या पाठांच्या मागे मी अधूनमधून येते की. आजारी पडले त्या दिवशीही तुम्ही पाठ घेत होतात ना?" मी म्हणालो, ती फाइल बिघडली आहे, अडकते. ती म्हणाली, "मग ढापण्याला द्या. तो काढेल."

आणि लगेच तुला फोन. आणि तू लगेच तयार. रविवारी दोन्ही कार्डं घेऊन येतोस, लावून बघतोस, आणि ती फाइलही मोकळी करून देतोस.

या रविवारी येऊ नकोस. घरात रंगकाम काढलं आहे.

तुझा
भावोजी


ता. १३ फेब्रुवारी

ढापण्या,

हे कुरियरने पाठवतो आहे, रविवारच्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून. ताई शेजारच्या वहिनींबरोबर व्यायामाला गेली आहे. माझ्याकडे दीड तास आहे.

रंगकाम नाही. तुला गेलेली दुसरी फाइल चुकून गेली नव्हती. आणि ती फाइल अडकत नाही, मी अडकतो. कापायला घेतो, अकरावं मिनिट येतं आणि मीच बटण दाबून थांबवतो. आजवर नऊ वेळा झालं.

त्या दिवशी मी बरोबर दहा वाजता पाठ सुरू केला. तिसऱ्या मिनिटाला ताई मागून येते. दिव्याचा उजेड माझ्या टकलावर पडून चमकतो, म्हणून उजव्या हाताच्या दोन बोटांनी दिवा सरकवते, केस कानामागे घेते, माझा रिकामा पेला उचलून नेते. एवढंच. असा बेफिकीर, सुंदर हात या घरात तेवीस वर्षं वावरत होता आणि मी तो पहिल्यांदा पाहिला तो या फाइलीत.

अकराव्या मिनिटाला ती पेला भरून आणते. पेला पडतो. ती म्हणते, "अहो, हात कसातरीच होतोय." स्पष्ट ऐकू येतं. मी वळत नाही. तिच्याकडे न बघता बोट वर करतो, गप्प राहा म्हणून. मग पडद्यावरच्या विद्यार्थ्यांकडे बघून हसतो आणि म्हणतो, "आमच्या घरात भांडीसुद्धा धातूंची रूपं म्हणतात."

विनोद केला, ढापण्या.

पुढची चौतीस मिनिटं ती माझ्या मागे स्टुलावर बसलेली दिसते, डाव्या हातात उजवा धरून. दोनदा बोलायला तोंड उघडते आणि माझ्या पाठीकडे बघून मिटते. पाठ बिघडू नये म्हणून. मी सगळा पाठ संपवतो, नमस्कार करतो आणि मग वळतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं? मी म्हणालो, आत्ताच, पावणेअकराला. त्यांच्या कागदावर तसंच लिहिलं गेलं. तू धावत आलास, माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालास, "भावोजी, तुम्ही होतात म्हणून." मी हात सोडवून घेतले नाहीत. ताईला ती सकाळ आठवत नाही. मी सांगितली तीच तिची सकाळ. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते की यांनी एक क्षण वाया घालवला नाही.

त्या चौतीस मिनिटांनी हाताचं किती नेलं, ते डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पहिली दहा मिनिटं कापून फिजिओबाईंना दिली असती, बाकीची पुसली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. कार्डासाठी मोजमाप घेताना डिस्कच्या पिंजऱ्याचे दोन स्क्रू काढून झाले होते. डिस्क हातातून निसटून पडली, असं सांगणार होतो. वाक्यही जुळवून ठेवलं होतं, अगदी निर्दोष.

स्क्रू परत लावले आहेत.

*

वरची ओळ लिहीत होतो तेवढ्यात ताई आली. फिजिओबाई आज लवकर सुटल्या होत्या. दारातूनच म्हणाली, "एवढं काय लिहिताय ढापण्याला?" आणि माझं बोट वर गेलं. सवयीने, न बघता.

ते तसंच हवेत राहिलं. मग पेन ठेवून उठलो. तिला खुर्चीवर बसवलं आणि फाइल लावली. न कापता.

तिसऱ्या मिनिटाला तिने मागे घ्यायला लावलं. दोनदा. दिवा सरकवणाऱ्या हाताकडे बघत राहिली आणि नंतर मांडीवरच्या हाताकडे. अकराव्या मिनिटानंतर तिने काहीच मागे घ्यायला लावलं नाही. शेवटपर्यंत पडद्यावरून डोळे हलवले नाहीत. मी बोलायला गेलो तेव्हा म्हणाली, "आता चौतीस मिनिटं तुम्ही गप्प बसा." भिंतीवरचं घड्याळ उतरवून टेबलावर ठेवलं, डाव्या हाताने, आणि होडीचा खेळ लावला.

मी त्या स्टुलावर बसलो. हे तिथूनच लिहितो आहे, गुडघ्यावर वही ठेवून. चौतीस होऊन आता वर बारा झाली. ती वळलेली नाही आणि मी बोललेलो नाही. चित्र थबकतंय, उडी मारतंय, होडी खडकावर आपटते आहे. तिने कांडी खाली ठेवलेली नाही.

एका पंख्याचं कार्ड आण. व्हिडिओसाठी काही लागत नाही. अठराला मी डॉक्टरांना दहा वाजून अकरा मिनिटं ही वेळ सांगणार आहे, तू बरोबर असलास किंवा नसलास तरी. पण रविवारी ये. माझ्यासाठी नव्हे. तिच्या हाताची परीक्षा म्हाताऱ्या यंत्राने घेऊ नये.

खाली सही करत नाही. दार मीच उघडेन. तेव्हा मला काय म्हणायचं ते तू ठरव.