गजाननभाऊंची तेलाची बाटली

मंगळवार, १२ मार्च १९८५. बल्लारपूर

आज मी गजाननभाऊंवर चक्क ओरडले! ते माझ्या वडिलांच्या वयाचे फिटर, आणि मला प्रयोगशाळेत येऊन जेमतेम तीन महिने. पण करणार काय? कोळसा तपासायच्या यंत्रासाठी ऑक्सिजनचं सिलिंडर आलं, त्यावर नवा रेग्युलेटर बसेना, आणि भाऊंनी खिशातून ती बाटली काढली. मोहाच्या बियांचं तेल, बायकोने घरी काढलेलं. पंखा, दार, कपाटाचं कुलूप, काहीही अडलं की भाऊंचं तेच औषध.

"थांबा! ऑक्सिजनला तेल नाही!"

"काऊन? तू मले शिकवून राह्यली का, पोरी?"

दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल काडी न ओढताच पेटतं, हे मी एका दमात सांगून टाकलं. भाऊंनी बाटली खिशात ठेवली. मग उठले, साबणाने तीनदा हात धुतले आणि माझ्या नाकापुढे धरले. "पाह्य, वास येते का आता?"

नीट पाहिलं तर रेग्युलेटरच दुसऱ्या गॅसचा! तेल लावून रेटला असता तर... नको तो विचार. ऑक्सिजनचा आणला, तो हातानेच सरसर फिरला. गळती बघायला जोडावर साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही.

जास्त बोलले का मी? दिवसभर तेच डोक्यात. सुटी झाल्यावर पाहते तर भाऊ माझ्या सायकलपाशी उकिडवे बसलेले, हातात तीच बाटली.

"इथी तं चालते ना, मॅडम?"

पोरीची मॅडम झाले! आणि सायकल घरापर्यंत एकदाही कुरकुरली नाही.