भिंतीवरचा पासवर्ड आणि सासूबाईंचं खापर

माझं पहिलं मृत्युपत्र मी जिवंत असताना धुळ्याला हळदीच्या मांडवात मोठ्याने वाचलं गेलं, लोक पोट धरून हसले, आणि ज्यांच्यामुळे हे झालं ते माझे यजमान भिकन तेव्हा दुसऱ्यांदा जिलेबी वाढून घेत होते. ते मृत्युपत्र रद्द. हे दुसरं, माझ्या हाताने, कागदावर. अक्षर वाकडं आहे, पण ते चोरून वाचायला घरात यावं लागेल.

मी, चमेलीबाई भिकन बडगुजर, वय बावन्न, शिक्षण चौथी, राहणार एरंडोल, धंदा खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, पुरणाचे मांडे करून लग्नाकार्याला देणे, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने पहाटे येऊन माझ्यासोबत पुरण वाटून बघावं. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव टाकणारी एकच बाई होती, सासूबाई, त्या गेल्या.

१. आधी झालं काय ते लिहिते, म्हणजे पुढची वाटणी समजेल. माझा मुलगा धर्मेंद्र जळगावला नोकरीला आहे. त्याने घरात कॉम्प्युटर आणला. मांड्यांच्या ऑर्डरी, बँक, सून सोनलचे ब्लाऊजचे नमुने, यजमानांचे कापसाचे भाव, सगळं त्यातच. आणि सगळ्याला पासवर्ड एकच, मांडे एक दोन तीन. सोयीचा म्हणून. तोही यजमानांना सोयीचा पडेना. "माले याद नही ऱ्हास," म्हणाले, आणि कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहून मोकळे झाले, ट्रॉलीवर नंबर टाकतात तसा.

दसऱ्याला मी खापर, विळा आणि कॉम्प्युटर एका ओळीत मांडून पूजा केली. यजमानांनी फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला. खाली झेंडूची माळ, वर भिंत लख्ख. धुळ्याचे चुलतदीर भूपेंद्र, त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. ईमेललाही तोच पासवर्ड, आणि ईमेलमध्ये धर्मेंद्रने टाइप करून ठेवलेलं माझं मृत्युपत्र. आपल्या पोरीच्या हळदीत त्यांना तेवढीच करमणूक सुचली.

"सासूबाईंचं खापर माझ्या पश्चात सोनलला" इथपर्यंत आले आणि माझी जाऊ हेमलता हळदीच्या हातांनी उठली.

"खापर सोनलले? आनि माले काय, चुल्हानी राख?"

एवढं बोलून गेली ती गेली. अंगणापलीकडे राहते, पण तेव्हापासून अंगण ओलांडलेलं नाही. मांडा एकीने हातावर ताणायचा आणि दुसरीने खापराची आच सांभाळायची, यात आम्हा दोघींचा जन्म गेला. आता आचेला सोनल बसते. पोरगी गुणाची आहे, पण एक डोळा मोबाईलवर, आणि मांडा करपतो. शिवाय ती मला शिव्या देत नाही. हेमलता द्यायची, त्याने हात झपझप चालायचा.

२. घर माझ्या नावावर आहे. ते धर्मेंद्र आणि सोनल दोघांचं, निम्मं निम्मं. यजमान जिवंत आहेत तोवर त्यांना कोणी उठ म्हणू नये. पासवर्डाची भिंत यजमानांची. ती रंगवायची नाही, रोज बघावी.

३. बँकेतलं जे असेल त्यातलं अर्धं सोनलचं, तिच्या एकटीच्या नावावर. उरलेलं धर्मेंद्रचं. त्याने तोंड वाकडं करू नये, त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा तीच लावते.

४. भूपेंद्रभाऊंना दसऱ्याचा तो फोटो, काचेची फ्रेम करून. बाकी काही नाही.

५. कॉम्प्युटर. धर्मेंद्रने आता प्रत्येकाला वेगळं खातं करून दिलं. यजमानांच्या खात्यात फक्त कापसाचे भाव आहेत, त्याचा पासवर्ड त्यांनी कपाळावर लिहिला तरी चालेल. ऑर्डरी आणि बँक यांचा पासवर्ड मात्र लांब पाहिजे, दुसऱ्याला सुचणारा नको आणि आपल्याला विसरता येणार नाही असा पाहिजे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग सोपं आहे.

सासूबाई चुलीपाशी बसून रोज एकच वाक्य बोलायच्या. अर्धं मला, अर्धं हेमलताला. तेच मी एकटीने, एकेक इंग्रजी अक्षर शोधून टाकलंय. माझं अर्धं मी सोनलच्या कानात सांगितलं. ऐकून ती इतकी हसली की पुरणात बसली. हेमलताचं अर्धं मी कोणाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. ते जिला ऐकावं लागलं तिला पाठ आहे. माझ्यामागे दोघींनी एका पाटावर बसून आपापलं अर्धं टाकायचं. एकटीला ते उघडणार नाही.

६. खापर हेमलताचं. तिच्यानंतर सोनलचं. मांडा हेमलताच्या कोपराशी आजही फाटतो, हे माझं मत मी मरेपर्यंत बदलणार नाही. पण आच तिच्यासारखी कोणाला कळत नाही. खापर तिच्याकडे, ऑर्डरी सोनलकडे. करा आता काय करायचं ते.

हे मी राजीखुशीने, हसत लिहिलं.

सही: चमेलीबाई भिकन बडगुजर
साक्षीदार: छगन पुंडलिक महाजन, गिरणीवाले (सही)
साक्षीदार: तोताराम दगडू भोई, शेजारी (सही)
दोघांपैकी कोणालाही यात वाटा नाही, म्हणून त्यांना मांडे खाऊ घातले.
ठिकाण: एरंडोल, जि. जळगाव
दिनांक: १४ एप्रिल २०२५

ता. क. हेमलता, छगनभाऊ हा कागद तुला वाचून दाखवतील. तू माझ्या मरणाची वाट बघू नको, मीही बघत नाही. अक्षय्य तृतीया तोंडावर आली, आखाजीच्या ऑर्डरी आल्या आहेत आणि त्या कॉम्प्युटरमध्ये अडकल्या आहेत, कारण तुझं अर्धं मी टाकणार नाही. निरोप नको, ग्रुपवर नको. इंग्रजी अक्षरं सोनल दाखवेल. आखाजीच्या आदल्या मंगळवारपर्यंत अंगण ओलांडून ये आणि बोल: येतेस की नाही?