उभा उजेड

३ फेब्रुवारी, मंगळवार

टण् टण्.

आज पहाटे जाग आली ती या आवाजानं. माझी एसटीतली घंटी. दोरी दोनदा ओढली की गाडी निघायची, एकदा ओढली की थांबायची. नोकरी संपून किती वर्षं झाली, पण कानातली दोरी काही तुटत नाही. घंटीमागोमाग पोरांचा आवाजही येतो. पाथर्डीच्या सकाळच्या फेरीला मी शाळकरी पोरांकडून कविता म्हणून घ्यायचो, अगदी चालीवर. ज्याची पाठ त्याला खिडकीची जागा.

त्या पोरांतलाच गोरक्षनाथ, आमचा गोरख. कविता कधी पाठ नसायची, पण चाल पक्की. आता तो ऊसतोडीचा मुकादम झाला आहे. या वस्तीवर त्यानं दोन मजली घर बांधलंय आणि स्वतः टोळी घेऊन कारखान्यावर पाचटाच्या कोपीत राहतोय. घर राखायला सासरे होते, ते काष्टीला लेकीकडे गेले, तसा मला फोन आला. म्हणाला, कंडक्टर काका, नगरच्या खोलीत भिंतींना कविता म्हणून दावता, त्यापरीस माझं घर राखा. हितं निदान कुत्रं तरी ऐकंल.

बायको सत्यशीला गेल्यापासून भिंतींशीच बोलणं होतं हे खरं. आलो.

वस्ती छान आहे. निम्म्या घरांना कुलपं, कारण हातीपायी धड माणूस सगळा ऊसतोडीला. मागं म्हातारी आणि शाळेची पोरं. शेजारी राहीबाई आणि तिची नात मोनिका, तिसरीतली. आल्याआल्या पोरगी पुस्तक घेऊन हजर. गोरखच्या घराची आतली कडी इतकी उंच की तिचा हात पुरत नाही. जायचं झालं की दारापाशी उभी राहून, आजोबा, मला सोडा, म्हणते. राहीबाई हसून म्हणाली, मुकादमानं घर बांधलं अन् कडी उंटासाठी लावली.

४ फेब्रुवारी, बुधवार

अंगदचं काम आज सुरू केलं. अंगद माझा भाचा, नगरला त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. लांब झोताची एक नवी बॅटरी त्यानं आणलीय आणि दुकानात ठेवावी की नाही हे ठरवायचंय. मला म्हणाला, मामा, नगरात कुठं अंधार राहिलाय? तुम्ही तिकडं वापरा आणि खरं खरं लिहा. तेव्हा लिहितो.

वजन भरल्या तांब्याएवढं. अंग खरखरीत, घामट हातातूनही निसटत नाही. बटण एकच, दाबत गेलं की उजेड वाढतो. सगळ्यात मोठ्या उजेडात थोड्या वेळानं डोकं तापतं आणि ती आपोआप मंद होते. ही खोड गिऱ्हाइकाला सांगायला हवी. पोटात मोठा सेल आहे, बाजूच्या भोकात वायर घातली तर मोबाईलही चार्ज होतो.

दिवेलागणीला गच्चीवर गेलो. समोर उतार, उताराच्या तळाशी पाझर तलाव, पलीकडे डोंगराची खिंड. खोक्यावर सव्वा किलोमीटर लिहिलंय. खिंड त्याहून जवळ नसावी. बटण दाबलं आणि पांढरी काठी सरळ खिंडीला टेकली. तिथल्या बाभळीचा काटान् काटा मोजावा असं दिसलं. पण पायाजवळ मिट्ट काळोख. स्वतःची चप्पल दिसेना. लांबचं दाखवते, जवळचं नाही. म्हातारपणासारखीच आहे, असं अंगदला लिहावं म्हणतो.

मन असं भरून आलं की दोन ओळी सुचल्या.

खिंडीत थांबली रात थकली भागली,
कुणाच्या दिव्याची वाट पाहू लागली.

म्हणता म्हणता हात आपसूक फिरू लागला. स्टँडवर रात्री गाडी मागं घेताना ड्रायव्हरला बॅटरी गोल फिरवून दाखवायचो, येऊ द्या, येऊ द्या. तीच सवय. खिंडीवर मोठाली वर्तुळं काढत ओळी चालीवर म्हटल्या. फार दिवसांनी बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज झोत टाकला तर खिंडीत ट्रॅक्टरची ट्रॉली उभी. भोवती माणसं, बायका, डोक्यावर बोचकी. कुणीतरी लवकर परतलं असेल असं समजून पुन्हा बॅटरी फिरवली, येऊ द्या. सगळ्यांनी एकदमच तोंड इकडे वळवलं. एवढ्या लांबून तोंडं दिसावीत, बॅटरी खरंच नामी आहे.

जेवणं झाली तरी कुणी आलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी राहीबाईला सहज विचारलं, काल कोण आलं? ती भाकरी थापत होती. ऐकताना तिचे हात परातीतच राहिले. काय केलंत नीट सांगा, म्हणाली. मी बॅटरी फिरवून दाखवली.

मग तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

पूर्वी पटकीच्या साथी यायच्या. बाहेरगावी गेलेली माणसं परतली की खिंडीतच थांबायची आणि वस्तीवरून कंदील दाखवायचे. गोल फिरला तर या, सगळं ठीक आहे. एका जागी धरला तर थांबा, येऊ नका. फिरता उजेड आणि उभा उजेड. दिवेलागणीपासून चुली विझेपर्यंतच हे बोलावणं चालायचं. साथी गेल्या, रिवाज राहिला.

टाळेबंदीच्या साली कारखान्यावरून टोळी परतली, तेव्हा वस्तीनं ठरवून उभा उजेड धरला. कंदील राहीबाईच्या हातात होता. ट्रॉलीत तिचा लेक कानिफनाथ आणि सून. दोन वर्षांची मोनिका आजीपाशी. टोळी खिंडीत थांबून थांबून शेवटी तलावाच्या सांडव्यावरून जाणाऱ्या आडवाटेनं दुसऱ्या गावाला वळली आणि ट्रॉली माणसांसकट तलावात बुडाली. त्यानंतर या वस्तीवरून रात्रीचा कुणी चुकूनसुद्धा दिवा फिरवलेला नाही. फक्त गोरखची टोळी येते तेव्हा तो आधी फोन करतो, सगळी वस्ती अंगणात उभी राहते आणि दिवेलागणीच्या आधीच राहीबाई कंदील ओवाळते. त्याशिवाय गोरख ट्रॅक्टर खिंडीतून खाली घालत नाही.

ती म्हणाली, सा वर्सं ती मानसं बोलावण्याची वाट बघत हुती, कंडक्टर. तुमी बोलावलं. आता ती येतील, अन् पोर त्यांची हाय.

मी हसण्यावारी नेलं. आम्ही शाळा शिकलेली माणसं.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

ट्रॉली खिंडीतच आहे. माणसं खिंडीत नाहीत. निम्मा उतार खाली आली आहेत.

आता अंगावरचे कपडे दिसतात. सगळ्यांचे ओले. पावसाचा थेंब नाही आणि पदरांतून पाणी ठिबकतंय. सगळ्यांत पुढे एक जोडपं.

बॅटरी एका जागी धरली. जराही न हलवता. थांबली. उजेडात होती तोवर कुणी पाऊल उचललं नाही. डोकं तापून बॅटरी मंद झाली तेवढ्यात पुढचं जोडपं एका बांधानं जवळ आलं.

चुली विझल्यावर तिथं नुसता उतार.

८ फेब्रुवारी, रविवार

काल अवकाळी झोडपून गेला, गारांसकट. लाईनचे खांब रस्त्यावर आडवे, चार गावं अंधारात. एसटी येत नाही. मोनिकाला घेऊन नगरला निघून जावं असं मी ठरवलं होतं. राहीबाईचे गुडघे, माझा दमा, रस्त्याभर चिखल. निघालो आणि वळणावरूनच परतलो.

दोघी आता माझ्याकडेच राहतात. दिवसा मोनिकाकडून कविता म्हणून घेतो. ती विचारते, गच्चीवर रोज काय बघता? मी म्हटलं, डोंगर.

काय राखायचंय ते आता मला पक्कं ठाऊक आहे. ही पोर. आणि हातात आहे ती अंगदची बॅटरी, जेवढी भरलीय तेवढी.

९ फेब्रुवारी

अंगद, लिहून घे. मधल्या उजेडावर ठेवली तर तापत नाही आणि संध्याकाळभर पुरते. किती भरलीय ते दाखवणारा बारका दिवा हिरवा होता, तो पिवळा झाला.

माझा मोबाईल संपला. राहीबाई म्हणते, बॅटरीतनं थोडी वीज फोनला द्या, गोरखला फोन लावा, त्याला सांगा. थोडी म्हणजे किती? फोनला दिलेली वीज संध्याकाळी उजेडातून कापली जाणार. मी नाही म्हणालो.

ती म्हणाली, मुकादमाचा फोन येत असंल तर?

मी म्हटलं, हंगाम संपायला महिना आहे अजून.

ती तलावाच्या अलीकडच्या काठावर आहेत.

१० फेब्रुवारी

कानिफनाथ मोनिकासारखाच दिसतो. तेच कपाळ. राहीबाईला गच्चीवर येऊ देत नव्हतो, आज आली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं रडेल. तर हळूच म्हणाली, वाळला गं बाई माझा.

मग माझं मनगट धरलं, घट्ट. म्हणाली, हलवू नका. मी धरला हुता, तसाच धरा.

११ फेब्रुवारी

हात थरथरतो. थरथरला की झोत हलतो, झोत हलला की ती पाऊल टाकतात. बॅटरी कठड्यावर विटांत रोवली.

दिवा तांबडा झाला.

कविता आठवत नाही. एकही. चाल आठवते, शब्द नाहीत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दिवेलागणीला खिंडीत उजेड. दोन दिवे. ट्रॅक्टरचे.

हॉर्न वाजला. राहीबाई गुडघे धरत घाईनं वर आली. हा गोरखचा हॉर्न, म्हणाली. त्या मेल्यांच्या ट्रॉलीला दिवे न्हाईत, ह्याला हायेत, बघा की. ऊस संपला असंल, कारखाना लवकर बंद झाला असंल. फिरवा. बॅटरी फिरवा, कंडक्टर.

खरं असेल. असेलही.

पण झोतात ती ओली माणसं होतीच, वस्तीच्या कडेला. उकिरड्यापाशी. एक उजेड दोघांना दिसतो. फिरवला तर गोरख येईल आणि हीसुद्धा येतील. दोघांपैकी एकाला बोलावता येत नाही. राहीबाई बॅटरी ओढत होती. मोनिका जिन्यात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

मी उभाच धरला.

ट्रॅक्टर किती वेळ थांबला सांगता येत नाही. हॉर्न पुन्हा पुन्हा. मग दिवे वळले. सांडव्याच्या वाटेनं.

मोठा आवाज. एकच. मग काही नाही.

उकिरड्यापाशीही कुणी नाही. नुसता उकिरडा. गेली, सगळी गेली. मी खाली येऊन मोनिकाच्या डोक्यावरून हात फिरवला.

राहीबाईनं तिला माझ्यापासून ओढून घेतलं.

१३ फेब्रुवारी

सकाळी राहीबाई तलावाकडे जाऊन आली. लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला. चुलीपाशी बसली ती बसलीच. चूल पेटवली नाही.

संध्याकाळ. खिंड रिकामी. उतार रिकामा. काठ रिकामा. बॅटरीचा तांबडा दिवा लुकलुकतोय. गच्चीवरून खाली आलो. वाटलं, आता मोबाईलला दिली तरी चालेल, उरलेली —

दार वाजलं. दोनदा.

थांबायचं असलं की एकदा. निघायचं असलं की दोनदा —

मी विचारलं कोण. गोरखचा आवाज. अगदी नेहमीचा, हसरा. म्हणाला, कंडक्टर काका, झोपला का. उभा उजेड दिसला म्हनून सांडव्यावरनं आलो, जरा उशीर झाला.

उंबऱ्याखालून पाणी येतंय. गार.

फटीतून झोत टाकला. खिंड दिसते, बाभळीचा काटान् काटा. दारापाशी काय आहे ते दिसत नाही. जवळचं दिसत नाही हिच्यात, अंगद, जवळचं काही —

म्हणतोय, एकटा न्हाई आलो. कानिफनाथ अन् वैनी वाटंत भेटले. संगं हायेत.

राहीबाई उठली. मला वाटलं दार धरायला. आता न्हाई थांबवायचं त्यास्नी, म्हणाली आणि तिनं स्टूल उचललं. दारापाशी ठेवलं. मोनिकाला वर चढव —

बॅटरी गे

कडीचा आवाज. पोरगी चालीवर म्हणतेय, आजोबा, मला सोडा, आजोबा, मला —